टेबलावरचे तीन फेअर

गेल्या मंगळवारी माझ्या टेबलावर तीन कागद एकाच वेळी येऊन पडले आणि तिन्हींत 'फेअर' हा एकच शब्द होता. पहिला कागद कोथरूडमधल्या एका सदनिकेच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा, ज्यात भाडेकरूने जागा 'फेअर वेअर अँड टेअर' वगळता होती तशी परत करावी असे कलम होते. दुसरा एका ओळखीच्या कुटुंबाने पाठवलेला मुलीचा इंग्रजी बायोडाटा. मुलाच्या आजी-आजोबांना वाचता यावा म्हणून तो मराठीत हवा होता आणि त्यात उंचीच्या खालच्या ओळीत 'कॉम्प्लेक्शन: फेअर' असे लिहिलेले होते. तिसरा कागद कामाचा नव्हता, घरचाच होता. सासूबाईंना न्यूमोनियासाठी सहा दिवस रुग्णालयात ठेवले होते, त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी फाइलला लावण्यासाठी बाहेर काढले होते आणि त्यावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात 'जी. सी. फेअर' अशी नोंद होती, म्हणजे जनरल कंडिशन फेअर.

मी गेली 22 वर्षे करार, प्रतिज्ञापत्रे, मृत्युपत्रे आणि सरकारी परिपत्रके यांचे भाषांतर करते. अवघड वाटणारे शब्द या कामात फारसे अडवत नाहीत, कारण त्यांना पारिभाषिक कोशात ठरलेले प्रतिशब्द असतात आणि ते मुकाट्याने लिहायचे असतात. अडवतात ते 'फेअर'सारखे शब्द, जे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, ज्यांचा अर्थ सांगा म्हटले तर कोणीही 'न्याय्य' असे चटकन सांगेल, आणि तरीही वरच्या तीन कागदांपैकी एकातही 'न्याय्य' लिहून चालणार नाही. न्याय्य झीज, न्याय्य मुलगी आणि न्याय्य प्रकृती, असे लिहून दिले तर मला दुसरे काम मिळायचे नाही.

झिजेच्या बाबतीत मी एकदा तोंडघशी पडलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका करारात मी 'योग्य ती झीज-तूट वगळून' असे लिहिले होते. अकरा महिने संपले, जागा सोडायची वेळ आली आणि बैठकीच्या खोलीत चार खिळे आणि त्यांच्याभोवती उडालेला रंग निघाला. घरमालक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी कराराची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि अतिशय सभ्यपणे विचारले, "झीज योग्य आणि अयोग्य कशी ओळखायची, हे आपण मला समजावून सांगाल का? माझ्या मते माझ्या भिंतीत ठोकलेला एकही खिळा योग्य नाही." भाडेकरूचे म्हणणे असे की, माणूस राहणार म्हटल्यावर कॅलेंडर लावायला खिळा ठोकणारच. शेवटी अनामत रकमेतून रंगाचे पैसे कापले गेले, दोघेही नाराज झाले आणि दोघांनी मिळून माझ्या मराठीला दोष दिला, जो मला मान्य करावा लागला. तिथल्या 'फेअर'मध्ये चांगले-वाईट ठरवणे नसतेच. माणसाने नीट वापर केला तरी जेवढे झिजेल, तेवढ्याचा बोल कोणाला लावायचा नाही, इतकेच त्याला म्हणायचे असते. तेव्हापासून मी 'नेहमीच्या वापराने होणारी वाजवी झीज' असे लिहिते. चार शब्द जास्त जातात, पण प्राध्यापक पुन्हा दारात येत नाहीत.

हा 'वाजवी' शब्द मूळचा अरबी 'वाजिब', फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. आणि त्याचा जोडीदार 'रास्त' हा फारसी, सरळ किंवा खरे या अर्थाचा. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हे दोन शब्द मराठीतून हलले नाहीत. पेशवाईच्या कागदांत ते आहेत आणि आजच्या शासन निर्णयांतही आहेत. पुण्यात तर 'रास्त' एका पेठेच्या पाटीवर जाऊन बसला आहे. रास्ता पेठ, म्हणजे पूर्वीची शिवपुरी, ही सरदार रास्ते यांच्यावरून ओळखली जाते. हे घराणे मूळचे गोखले, आणि त्यांच्या रास्तपणाबद्दल त्यांना 'रास्ते' हे नाव पडले असे सांगितले जाते. विजेच्या बिलाची तक्रार घेऊन रास्ता पेठेतल्या वीज कार्यालयात खेटे घातलेल्या पुणेकराला ही व्युत्पत्ती ऐकवायची असेल, तर त्याचे बिल दुरुस्त होईपर्यंत थांबावे.

'रास्त' आणि 'वाजवी' हे कोशात एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात, पण वापरात ते एका बाजूला उभे राहत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. भाव रास्त आहे असे विकणारा सांगतो, किंवा सरकार सांगते. भाव वाजवी लावा असे घेणारा म्हणतो. मंडईत "ताई, रास्त लावा" असे म्हणणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही, आणि "आमचे भाव वाजवी आहेत" असे एखाद्या दुकानदाराने म्हटलेच, तर ते गिऱ्हाइकाच्या तोंडचे वाक्य त्याने उसने घेतले आहे असे वाटते. म्हणूनच रेशनच्या दुकानावर 'सरकारमान्य रास्त भाव दुकान' अशी पाटी असते, जी 'फेअर प्राइस शॉप'चे नेमके भाषांतर आहे. लोकांनी मात्र ती पाटी बाजूला ठेवून त्याला 'स्वस्त धान्य दुकान' केले आणि पुढे शासनानेही हे नाव कागदोपत्री वापरायला सुरुवात केली. रास्त आणि स्वस्त यांत केवढे अंतर आहे, हे यमकामुळे लक्षातही येत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम 2013 मध्ये आला तेव्हा तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा भाव ठरला होता. 1 जानेवारी 2023 पासून त्या लाभार्थ्यांना हे धान्य मोफत मिळते. भावच उरलेला नाही, तरी पाटीवर रास्त भाव आहे.

दुसऱ्या एका ठिकाणी हाच शब्द शेतकऱ्याच्या बाजूने लढतो. शिवाजीनगरच्या साखर संकुलात साखर आयुक्तालय आहे, आणि गळीत हंगामात त्याच्या दारात 'एफआरपी'साठी आंदोलने होतात, हे पुण्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही माहीत असते. एफआरपीतला 'एफ' म्हणजे फेअर. मराठीत त्याचे 'रास्त आणि किफायतशीर दर' असे लांबलचक नाव आहे, जे परिपत्रकाबाहेर कोणी उच्चारत नाही. कारखान्यांनी उसाला द्यायचा हा दर 2009-10 च्या हंगामापासून आला. त्याआधी 'किमान वैधानिक दर' होता. 'किमान' जाऊन 'रास्त' आल्यावर शेतकऱ्याची अपेक्षा वाढणे साहजिक होते, कारण किमान म्हणजे याखाली जाऊ नका एवढेच, आणि रास्त म्हणजे मला जे मिळायला हवे ते. 2025-26 साठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये असा दर केंद्राने ठरवला, म्हणजे टनाला 3,550; पण त्यातून ऊसतोडणी-वाहतूक वजा होते आणि बांधावरचे भांडण 'पहिली उचल', म्हणजे पहिला हप्ता, किती यावर येऊन ठेपते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. माझ्या माहेरी थोडा ऊस होता. वडिलांना मी एकदा 'एफआरपी' म्हणजे काय ते उलगडून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "रास्त कळलं. किफायतशीर कुणाला, ते लिहिलंय का त्यात?"

न्यायालयाच्या कागदांत शिरले की 'फेअर' एकटा येतच नाही, दोन सोबती घेऊन येतो. मनेका गांधी यांचे पारपत्र 1977 मध्ये सरकारने ताब्यात घेतले, त्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी 1978 मध्ये लागला आणि तिथून पुढे 'जस्ट, फेअर अँड रीझनेबल' ही तीन शब्दांची माळ आपल्या कायद्यात पक्की झाली. संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये यांपैकी एकही शब्द नाही. तिथे 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच म्हटले आहे. ती कार्यपद्धती मनमानी असून चालणार नाही, हे न्यायालयाने त्या कोरड्या शब्दसमूहातून वाचून काढले. मराठीत ही माळ 'न्याय्य, रास्त आणि वाजवी' अशी ओवली जाते. मला ती आवडते, एवढ्याचसाठी की इथे एक संस्कृत, एक फारसी आणि एक अरबी असे तीन साक्षीदार एकाच बाजूने उभे राहतात. मात्र तोच 'फेअर' 2013 च्या भूमिसंपादन कायद्यात भरपाईला जोडून आला, तेव्हा तो 'वाजवी' झाला; आणि 'फेअर ट्रायल'मध्ये तो कधी 'न्याय्य', तर कधी 'निःपक्षपाती' होतो. तीन ठिकाणी तीन रूपे, आणि तिन्ही बरोबर. दर रास्त असतो, भरपाई वाजवी असते, पण माणूस निःपक्षपाती असावा लागतो. रास्त न्यायाधीश असे कोणी म्हणत नाही.

या शेवटच्या अर्थाचे पुण्याला उदाहरण शोधावे लागत नाही. शनिवारवाड्यात ऑगस्ट 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणराव हे गोपिकाबाईंचे पुत्र, आणि गोपिकाबाई माहेरच्या रास्ते. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवले, त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. रामशास्त्र्यांना आपण 'न्यायनिष्ठुर' म्हणतो. हा शब्द इंग्रजीत नेऊन पाहावा. 'फेअर' त्याच्या आसपासही पोहोचत नाही, कारण 'फेअर'मध्ये एक मऊपणा आहे आणि न्यायनिष्ठुर माणसाच्या अंगी तो नसतो.

याच मऊपणामुळे लहान मुलांना तो शब्द सोपा जात असावा. आमच्या सोसायटीत क्रिकेट खेळणारी मुले दर पाच मिनिटांनी "हे अनफेअर आहे" असे ओरडतात, आणि त्यांच्या तोंडी "हा अन्याय आहे" हे वाक्य घालून पाहिले तर ती एकदम मोर्चाला निघाल्यासारखी वाटतात. आमच्या लहानपणी यासाठी 'रडीचा डाव' होता, 'चिडकेपणा' होता, आणि समोरचा फारच अंगावर आला तर "हे बरं नव्हे हं" होते. या शेवटच्या वाक्याकडे मला परत यायचे आहे.

त्याआधी दोन-तीन किरकोळ 'फेअर' बाजूला काढते. 'फनफेअर'मधला आणि 'ट्रेड फेअर'मधला शब्द मुळात वेगळा आहे, तो लॅटिनमधल्या सुट्टीच्या, सणाच्या दिवसांसाठी असलेल्या 'फेरिए' या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला आणि योगायोगाने त्याच रूपाला पोहोचला; आपल्याकडे जत्रा आहे, उरूस आहे, मेळा आहे आणि कोणाची अडचण नाही. बसचे भाडे हे तिसरेच. देवनागरीत लिहिल्यावर मात्र तेही 'फेअर'च दिसते, त्यामुळे रिक्षाचे फेअर अनफेअर आहे, असे वाक्य आपण मराठी लिपीत बिनदिक्कत लिहू शकतो. शाळेतली 'फेअर वही' मात्र खरीखुरी आपली झालेली आहे. 'फेअर करून आण' या आज्ञेतले 'फेअर करणे' हे क्रियापद इंग्रजांना सांगितले तर कळणार नाही. पूर्वी कच्च्या मसुद्याला 'खर्डा' म्हणत आणि त्यावरून पक्की प्रत करत. आता खर्डा म्हटले की लोक ठेच्याबरोबर भाकरी शोधतात, त्यामुळे 'रफ' आणि 'फेअर' यांना मी फारसा विरोध करत नाही.

आता तो बायोडाटा. 'फेअर' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सुंदर' या अर्थाचा होता, पाहून बरे वाटावे असा. सुंदर म्हणजे डाग नसलेले, म्हणून मोकळे आकाश 'फेअर'. जुन्या वायुभारमापकाच्या तबकडीवर 'चेंज'च्या पुढे 'फेअर' असे कोरलेले असते, ज्याला आपण 'उघडीप' हा कितीतरी देखणा शब्द वापरतो. डाग नाही म्हणून खाडाखोड नसलेली प्रतही 'फेअर', आणि वागण्यात डाग नाही म्हणून माणूस 'फेअर'. न्यायाचा अर्थ सौंदर्याच्या पोटातून असा निघाला. उजळ कातडीचा अर्थही तिथूनच आला आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत तोच पुढे जाऊन बसला. 1975 मध्ये बाजारात आलेल्या एका गोरेपणाच्या क्रीमने तो घराघरांत नेला. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला गेला, पण बायोडाटातून तो निघालेला नाही. मराठी बायोडाटात त्याच ओळीला 'वर्ण' म्हणतात, आणि तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरती भाजणी असते. 'उजळ' हा त्यातला सर्वांत चलाख शब्द, कारण तो रंग सांगतो आणि सांगितला नाही असेही दाखवतो. मी त्या मुलीच्या आईला फोन करून विचारले, ही ओळ ठेवायची आहे का. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "ठेवा हो, नाहीतर लपवतोय असं वाटेल." मी 'गोरी' असे लिहिले. भाषांतरकाराला मूळ कागद सुधारण्याचा अधिकार नसतो.

पण त्या दुपारी मला 'फेअर'साठी मराठीत खरा जोडशब्द सापडला, आणि तो कुठल्याही कायद्याच्या कोशात नाही. तो 'बरा' आहे. प्रकृती बरी आहे म्हणजे फार उत्तम नाही, पण काळजीचेही कारण नाही. हाच डिस्चार्ज कार्डावरचा 'फेअर'. परीक्षेत बरे गुण पडले म्हणजे मधले पडले. हाच प्रगतिपुस्तकातला 'फेअर', ज्याच्या वर 'गुड' असते. मुलगी दिसायला बरी आहे, यात सौंदर्य आहे. बऱ्या बोलाने पैसे दे, यात सरळ मार्ग आहे आणि तो सोडला तर पुढे काय होईल याची सूचनाही आहे. आणि "हे बरं नव्हे" यात चक्क न्याय-अन्याय आहे, कसलाही गाजावाजा न करता. 'न्याय्य', 'रास्त' आणि 'वाजवी' या तिघांना मिळून जेवढे आवरत नाही, तेवढे हा दोन अक्षरी शब्द एकटा आवरतो. अर्थात मी तो करारात लिहू शकत नाही. 'बरी झीज' म्हटले तर प्राध्यापक या वेळी वकील घेऊन येतील.

आणि 'बरा'चा सख्खा भाऊ 'बरवा'. ज्ञानेश्वरांच्या 'रूप पाहतां लोचनीं' या अभंगात विठ्ठल बरवा आहे, माधव बरवा आहे. म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठीत 'बरवा' हा 'सुंदर', अगदी डोळे निवावेत असा सुंदर; आणि आज 'बरा' म्हणजे बेताचा, चालण्यासारखा. इंग्रजीतला शब्दही सौंदर्यापासून निघून 'मध्यम' या शेऱ्यापर्यंत असाच घसरत आला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरलेली पाहून मी खुर्चीतून उठून चहा टाकला. (पुण्यात अर्थात ही घसरण पूर्ण झालेली नाही. इथे एखाद्याने जेवून उठताना "बरं झालं होतं" असे म्हटले, तर करणारीने ते मानपत्र समजावे.) एका ठिकाणी मात्र वाटा फुटतात. 'फेअर' गोरा झाला, 'बरवा' झाला नाही. तो ज्याच्यासाठी वापरला गेला तो विटेवरचा देव काळा, सावळा. जून-जुलैमध्ये पालख्या पुण्यात येतात तेव्हा त्याच सावळ्या रूपाचे अभंग गात दिंड्या लक्ष्मी रस्त्याने जातात, आणि गर्दीतल्या कोणालाही सावळा आणि सुंदर यांच्यामध्ये 'पण' घालावासा वाटत नाही. घरी परतल्यावर बायोडाटा उघडला की तो घालावासा वाटतो.

करार आणि बायोडाटा बुधवारी पाठवून दिले. डिस्चार्ज कार्ड फाइलला लावत होते, तेव्हा सासूबाई काठी टेकत खोलीत आल्या. सहा दिवसांत त्या बारीक झाल्या आहेत आणि औषधांच्या चवीबद्दल त्यांचे मत वाईट आहे. कार्डाकडे बोट करून त्यांनी विचारले, "अगं, काय लिहिलंय त्या डॉक्टरनं एवढं?"

मी वरून खाली वाचून दाखवले: ताप नाही, ऑक्सिजन 96, भूक कमी, सात दिवसांनी फेरतपासणी. मग त्या एका शब्दापाशी आले आणि म्हणाले, "आणि आई, तब्येत बरी आहे, असं लिहिलंय."

"बरी आहे, हे मला माहीत आहे," त्या पलंगावर टेकत म्हणाल्या. "त्याला इंग्रजी कशाला लागतं?"